तळटीप : वाहकता आणि लांबी

* उष्णतेची वाहकता वस्तूच्या लांबीवर अवलंबून नसते, हे वरचे विधान तांब्याच्या सळईपुरते चोख आहे. सळई दुप्पट लांब घेतली तरी आकडा ४०० वॅट प्रतिमीटर-केल्विनच्या आसपासच राहतो. फूरिएचा १८२२चा नियम हेच सांगतो. अणूंच्या एकेरी साखळीला मात्र तो जसाच्या तसा लावू नये. तिथे उष्णता वाहतात त्या अणूंच्या थरथरीच्या लाटा. ठोस स्फटिकात त्या एकमेकींवर आदळून विखुरतात. एका ओळीत लांब लाटांना अडवणारे फारसे काही उरत नाही, म्हणून साखळी वाढवावी तशी वाहकताही वाढत जाते. लेप्री, लिवी आणि पोलिती यांनी १९९७ मध्ये संगणकावर हे दाखवले.

या प्रश्नाचे मूळ लॉस अलामॉस प्रयोगशाळेच्या १९५५च्या अहवालात आहे. तो लिहिणाऱ्या फेर्मी, पास्ता आणि उलाम यांना वाटले होते की साखळीतल्या एका लाटेला दिलेली ऊर्जा हळूहळू सर्व लाटांत वाटली जाईल. ती फिरून जवळजवळ सगळी पहिल्याच लाटेत परतली. ही आकडेमोड मॅनिअॅक या संगणकावर बसवली मेरी त्सिंगू यांनी. त्यांचे नाव या प्रयोगाला जोडूनच घ्यावे, असा माझा आग्रह आहे.

साखळीवरून पत्र्याकडे वळलो, तर एका अणूइतक्या जाडीच्या ग्राफीन या कार्बनच्या पत्र्यावर २००८ मध्ये वाहकतेचा सुमारे ५००० हा आकडा मोजला गेला, पण पत्रा अधांतरी ताणलेला असताना. तोच सिलिकाच्या थरावर टेकवला की आकडा ६००च्या घरात येतो.

— संपादक