चुकीनंतरचा डाव

पैलवान ढाक लावायला जातो आणि ढाक बसत नाही. समोरचा लगेच मागं जाऊन कब्जा घेतो. आता चुकलेला पैलवान खाली आहे, हात-गुडघे मातीत रोवलेले, अंगावर दुसऱ्याचं वजन. नवख्याला वाटतं, कुस्ती गेली. जाणत्याला ठाऊक असतं की पाठ अजून लागलेली नाही. चुकलेल्या डावाचा हिशेब करत बसला तर तो घिस्सा डावावर चीत होईल. खालून निसटायची वाट शोधली तर कुस्ती पुन्हा उभी राहील. म्हणून तालमीत वस्ताद पोराला मुद्दाम खाली घालून लढवतात.

चुकीनंतर काय करायचं, हा प्रश्न आज फुटबॉल संघ मानसतज्ज्ञ नेमून सोडवतात. कोल्हापूरच्या फुटबॉलपुरता त्याचा माग काढत गेलं, तर वाट तालमीत आणि तिथून कागलला पोचते. कागलच्या घाटगे घराण्यातले यशवंतराव १७ मार्च १८८४ रोजी कोल्हापूरच्या गादीला दत्तक गेले आणि शाहू छत्रपती झाले. कुस्तीला त्यांनी राजाश्रय दिला, पेठापेठांतल्या तालमींना बळ दिलं, १९१२ मध्ये खासबाग मैदान उभं राहिलं. पुढं याच तालमींच्या पोरांनी फुटबॉल उचलला. म्हणून इथल्या संघांची नावंही तशीच आहेत : पाटाकडील तालीम, बालगोपाल तालीम, दिलबहार तालीम, खंडोबा तालीम. १९४० मध्ये स्थापन झालेल्या कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशननं, म्हणजे केएसएनं, या खेळाला शिस्तीची चौकट दिली.

मातीतल्या निकाली कुस्तीत मात्र एक कठोर गोष्ट आहे. पाठ लागली की संपलं, दुसरी संधी नाही. मॅटवर तसं नसतं. तिथं चितपट झाली नाही तर कौल पंचांचा, आणि आता तर गुणांचा. दोन गुण गेले तरी घड्याळ चालू असतं. हा फरक कोल्हापूरच्या मातीतल्या एका पैलवानाला परदेशात जाऊन शिकावा लागला. राजाराम कॉलेजचे विद्यार्थी असलेले खाशाबा जाधव १९४८ च्या लंडन ऑलिंपिकला गेले, तेव्हा मॅट आणि तिथले नियम दोन्ही त्यांना नवे होते. ते सहावे आले. चार वर्षांनी हेलसिंकीत त्यांनी कांस्यपदक जिंकलं. या मोहिमेसाठी कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपलं घर गहाण ठेवलं होतं. सहाव्या आलेल्या मुलावर पुन्हा पैसा लावणं, हाही चुकीवरचा एक रोख उपाय होता.

त्याच हेलसिंकीत भारताचा फुटबॉल संघ युगोस्लाव्हियाकडून १०-१ असा हरला. आपले बरेच खेळाडू अनवाणी खेळत होते. महासंघानं पुढं बूट सक्तीचे केले. प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम यांना मात्र घरी बसवलं नाही. १९५६ मध्ये मेलबर्न ऑलिंपिकला त्यांचा संघ चौथा आला. ऑस्ट्रेलियावरच्या ४-२ विजयात नेव्हिल डिसूझा यांनी हॅट्ट्रिक केली. १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत तर पहिलाच सामना दक्षिण कोरियाकडून ०-२ असा गेला. अंतिम फेरीत पुन्हा तोच कोरिया समोर आला आणि भारतानं २-१ नं सुवर्ण नेलं. संघ तोच, रहीमही तेच. फक्त पहिल्या हरण्याचं ओझं अंतिम सामन्यात कुणी वाहून आणलं नव्हतं.

उलट उदाहरण ब्राझीलचं. १९५० च्या विश्वचषकाच्या निर्णायक सामन्यात उरुग्वेच्या घिग्गियानं ७९ व्या मिनिटाला गोल केला. ब्राझील हरलं आणि दोष त्यांचा गोलरक्षक बार्बोसाच्या माथी आला, तो २००० मध्ये त्याचा मृत्यू होईपर्यंत तिथंच राहिला. अकरा जणांचा पराभव देशानं एकाच्या नावावर चढवला.

चूक एकाची नसून संघाची, हा विचार पुढं खेळाच्या पद्धतीतच शिरला. १९७४ च्या डच संघानं चेंडू गेला की सगळ्यांनी मिळून तो परत घेण्यावर भर दिला. गार्डिओलाच्या बार्सिलोनानं आणि क्लॉपच्या डॉर्टमुंडनं त्याला कवायतीचं रूप दिलं : चेंडू गेल्यापासून पहिली पाच-सहा सेकंद सगळ्यांनी मिळून तुटून पडायचं. ज्याच्या पायातून चेंडू गेला, त्याला डोकं धरून उभं राहायला वेळच मिळत नाही. खालून कुस्ती काढणाऱ्या पैलवानाकडंही तेवढाच वेळ असतो.

पेनल्टीला हा उपाय चालत नाही, कारण तिथं माणूस एकटा असतो. १९९६ च्या युरो उपांत्य सामन्यात इंग्लंडच्या साउथगेटची पेनल्टी जर्मनीविरुद्ध हुकली. २०१८ च्या विश्वचषकात तोच इंग्लंडचा प्रशिक्षक होता. घाई करायची नाही, श्वास घेऊन मगच चेंडूकडं जायचं, याचा त्यानं संघाकडून सराव करून घेतला. कोलंबियाविरुद्ध हेंडरसनची पेनल्टी अडली, तरी इंग्लंडनं विश्वचषकात पहिल्यांदाच शूटआउट जिंकलं.

चुकीइतकाच आनंदही घातक ठरतो, हे आपण दिल्लीत पाहिलं. ९ ऑक्टोबर २०१७ ला १७ वर्षांखालील विश्वचषकात जॅक्सन सिंगनं ८२ व्या मिनिटाला कोलंबियाशी बरोबरी साधली. फिफाच्या विश्वचषकातला तो भारताचा पहिला गोल. पुढच्याच मिनिटाला पेनालोझानं गोल केला आणि सामना १-२ असा गेला. त्या भारतीय संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधवही होता. हर्ष असो की हळहळ, चेंडू मध्यावर ठेवला गेला की दोन्ही संपायला हवेत. ती सवय सरावात लावावी लागते.

कोल्हापुरात ही सवय लावणं जास्त अवघड, कारण शाहू स्टेडियमवर पोरगं पेठेसाठी खेळतं. ईर्षा टोकाची. बॅकच्या पायातून चेंडू निसटला की समोरच्या गॅलरीतून हुल्लड, आणि घरी जाताना स्वतःच्याच गल्लीतल्या कट्ट्यावर हजेरी. याच गावात कुस्तीच्या मैदानात खालून निसटणाऱ्या पैलवानाला डाव मारणाऱ्याइतक्याच टाळ्या पडतात. फुटबॉलमध्ये चुकून परत मागं धावत आलेल्या बॅकला त्या मिळत नाहीत.

त्यामुळं संघाची मनोवृत्ती तपासायची तर सामन्यानंतरची भाषणं ऐकू नयेत. पुढच्या सामन्याची यादी बघावी. ज्याच्या चुकीनं गोल बसला त्याचं नाव त्यात असेल आणि आठवडाभर त्याच्याकडून तीच चूक दुरुस्त करून घेतली असेल, तर त्या संघाकडं वस्ताद आहे. नाव गाळलं असेल, तर उरलेल्या दहा जणांनीही पुढच्या सामन्यात चेंडू मागायचा नाही, एवढंच शिकलेलं असतं.