ललिता पवार : एका चरित्र-अभिनेत्रीच्या कारकिर्दीचा पुनर्विचार

आपल्याकडे चित्रपटाचा इतिहास बहुधा दिग्दर्शकांच्या किंवा नायक-नायिकांच्या नावाने लिहिला जातो. चरित्र-भूमिका करणाऱ्या नटनटींच्या वाट्यास त्यात एखाददुसरी आख्यायिका येते. आणि ती वारंवार सांगितली गेल्यामुळे तिलाच पुढे कारणमीमांसेचे स्थान प्राप्त होते. ललिता पवार (१९१६–१९९८) यांच्या बाबतीत नेमके असेच घडले आहे. चित्रीकरणाच्या वेळी झालेल्या अपघातात त्यांचा डोळा अधू झाला, त्यामुळे नायिकापद गेले, आणि म्हणून त्या पडद्यावरील खाष्ट सासू झाल्या, अशी ही रूढ उपपत्ती आहे. ती कितपत ग्राह्य धरावी, एवढ्याच प्रश्नाचा विचार येथे करावयाचा आहे.

ललिताबाईंचा जन्म नाशिक जिल्ह्यातील येवले येथे झाला. त्यांचे मूळ नाव अंबा. पुण्यातील नानासाहेब सरपोतदारांच्या आर्यन फिल्म कंपनीत त्या बालवयातच दाखल झाल्या. १९२८ सालच्या ‘राजा हरिश्चंद्र’ या मूकपटात त्यांनी काम केले, तेव्हा त्यांचे वय अवघे बारा वर्षांचे होते. पुढील काही वर्षांत त्या नायिका झाल्या. परंतु केवळ नायिका म्हणून त्यांची नोंद करणे अपुरे ठरेल. ‘कैलास’ (१९३२) या मूकपटाच्या निर्मितीत त्यांचा सहभाग होता आणि त्याच चित्रपटात त्यांनी नायिका, खलनायिका व माता अशा तिन्ही भूमिका केल्या. ‘दुनिया क्या है’ (१९३७) हा बोलपटही त्यांच्याच निर्मितीचा. त्यास टॉलस्टॉयच्या ‘रिझरेक्शन’ या कादंबरीचा आधार होता. भालजी पेंढारकरांच्या ‘नेताजी पालकर’ (१९३९) पर्यंत येईतो त्यांना अकरा वर्षांचा अनुभव गाठीशी होता.

१९४२ साली ‘जंग-ए-आज़ादी’च्या चित्रीकरणात सहनट भगवान यांनी प्रसंगानुसार लगावलेली चपराक प्रमाणाबाहेर जोरात बसली. ललिताबाईंच्या चेहऱ्यास पक्षाघात झाला आणि डाव्या डोळ्यास कायमची इजा पोहोचली. ही हकीकत सर्वपरिचित असून तिच्या गांभीर्याविषयी संशय घेण्याचे कारण नाही. परंतु तिला जोडूनच, उपचारांत तीन वर्षे गेली आणि त्यानंतर एक निराळीच अभिनेत्री पडद्यावर परतली, असे जे सांगितले जाते, त्याचा मेळ चित्रपटांच्या सूचीशी बसत नाही. मास्टर विनायकांचा ‘अमृत’ १९४३ सालचा आहे आणि प्रभातचा ‘रामशास्त्री’ १९४४ सालचा. दोहोंतही ललिताबाई आहेत. त्यांची कारकीर्द मध्येच तुटली असे म्हणण्यापेक्षा, शारीरिक यातनांच्या काळातही ती खंड न पडता चालू राहिली, असे मानणे अधिक सयुक्तिक होय.

‘रामशास्त्री’तील त्यांची भूमिका आनंदीबाईंची आहे, ही गोष्ट विशेष महत्त्वाची मानली पाहिजे. नारायणराव पेशव्यांच्या १७७३ मधील खुनामागची कारस्थानी स्त्री म्हणून आनंदीबाईंची प्रतिमा महाराष्ट्रात परंपरेने रूढ झालेली होती. खाडिलकरांच्या ‘भाऊबंदकी’ने (१९०९) तिला रंगभूमीवर स्थान दिले होते. अर्थात हा साचा ललिताबाईंच्या अपघाताने निर्माण झालेला नाही. मराठी प्रेक्षकाच्या मनात तो आधीपासून तयार होता; ‘कैलास’मध्ये खलनायिका रंगविलेली अभिनेत्री त्यात आता उतरली, इतकेच. अपघाताने त्यांची नायिकापदाची वाट बंद केली हे खरे. परंतु जी दुसरी वाट त्यांनी धरली, ती अपघाताने घातलेली नव्हती.

ही वाट पुढील काळात इतकी रुंद का झाली, याचे उत्तर अभिनेत्रीच्या चेहऱ्यात न शोधता स्वातंत्र्योत्तर समाजात शोधावयास हवे. हुंडा, घटस्फोट व अस्पृश्यता हे त्या दशकातील कायद्याचे व सार्वजनिक चर्चेचे विषय होते. शांतारामबापूंच्या ‘दहेज’मध्ये (१९५०) हुंड्यासाठी सुनेचा छळ करणारी सासू ललिताबाईंनी केली, हुंडाप्रतिबंधक कायदा त्यानंतर अकरा वर्षांनी, १९६१ साली आला. हिंदू विवाह कायदा झाला त्याच वर्षी, १९५५ मध्ये, गुरुदत्तचा ‘मिस्टर अँड मिसेस ५५’ प्रदर्शित झाला. त्यात घटस्फोटाच्या हक्काचा कैवार घेणारी सीतादेवी ही आत्या ललिताबाईंनी उभी केली, आणि चित्रपटाने तिला उपहासाचा विषय केले. बिमल रॉय यांच्या ‘सुजाता’त (१९५९) शिवाशीव पाळणारी कर्मठ गिरिबाला त्यांनीच साकारली.

या तीन स्त्रिया एकमेकींहून अत्यंत भिन्न आहेत. सीतादेवी सुधारणेची कैवारी आहे, तर गिरिबाला सुधारणेची वैरीण. तथापि पटकथेत दोघींचे कार्य एकच आहे : समाजापुढील वाद घरातील एका वयस्क, करारी स्त्रीच्या ठायी एकवटणे. हुंड्याची प्रथा मालमत्तेच्या व पुरुषसत्तेच्या व्यवहारांवर उभी आहे. परंतु पडद्यावर तिचा दोष बव्हंशी सासूच्या माथी येतो. प्रेक्षकाने या सासूचा मनसोक्त तिरस्कार करावा आणि घरी जाऊन मुलाच्या लग्नाची बोलणी पूर्ववत् चालू ठेवावी, अशी सोय त्यात होती. ललिताबाईंची लोकप्रियता या सोयीशी निगडित आहे, हे मान्य केल्यावाचून त्यांच्या कारकिर्दीचे ऐतिहासिक मूल्यमापन पुरे होणार नाही.

मात्र त्यांच्या कलेचा निवाडा एवढ्यावरच करणे अन्यायाचे होईल. ‘श्री ४२०’मधील (१९५५) केळेवाली आणि हृषीकेश मुखर्जींच्या ‘अनाडी’मधील (१९५९) मिसेस डिसा या भूमिका या दृष्टीने निर्णायक आहेत. मिसेस डिसा भाडेकरूवर सदैव करवादते. पण तिच्या प्रत्येक खेकसण्याखाली वात्सल्य आहे, आणि भेसळीच्या औषधाने तिचा जो बळी जातो तोच कथानकास कलाटणी देतो. या भूमिकेबद्दल त्यांना सहायक अभिनेत्रीचे फिल्मफेअर पारितोषिक मिळाले. ‘सुजाता’ व ‘अनाडी’ एकाच वर्षीचे चित्रपट आहेत. चेहरा तोच आहे आणि अर्धवट मिटलेला डोळाही तोच. परंतु एके ठिकाणी त्यातून सोवळेपणाचा ताठा प्रकट होतो, तर दुसरीकडे लटक्या रागामागचा जिव्हाळा. एकाच व्यंगातून असे परस्परविरुद्ध अर्थ निष्पन्न होत असतील, तर ते अर्थ व्यंगाने दिलेले नसून अभिनयाने दिलेले आहेत, हा निष्कर्ष अटळ ठरतो. ‘प्रोफेसर’मधील (१९६२) कडक शिस्तीची आत्या तर उतारवयातील प्रेमभावनेने मोहरते, आणि तेथे या रूढ प्रतिमेचाच विनोद होतो.

१९८७ साली सुरू झालेल्या दूरदर्शनवरील ‘रामायण’ मालिकेत त्यांनी मंथरा केली आणि एका नव्या पिढीस त्या त्याच नावाने परिचित झाल्या. २४ फेब्रुवारी १९९८ रोजी पुणे येथे त्यांचे निधन झाले. आनंदीबाईंपासून मंथरेपर्यंतच्या या प्रवासात अपघाताचा वाटा आहेच. परंतु परंपरेने चालत आलेला साचा, सामाजिक चित्रपटाची गरज आणि तीनही प्रकारच्या भूमिका सोळाव्या वर्षी पेलण्याइतकी मूळची सिद्धी, या तीन घटकांचा वाटा त्याहून मोठा आहे. अपघाताची कथा करुण असल्यामुळे ती स्मरणात राहते; पण तिच्यावरच विसंबल्यास सत्तर वर्षांच्या वयापर्यंत चाललेले जाणते परिश्रम दैवाच्या खाती जमा होतात. चरित्र-अभिनयाच्या इतिहासकाराने ही नोंद दुरुस्त करणे अगत्याचे आहे.