१. ‘पानातला नेमका मजकूर वेचला’

मूळ लेखात लेखकाने वेबपानातून मजकूर वेचण्याचे हे काम एका वाक्यात उरकले आहे, पण नवख्याची गाडी इथेच अडते. एचटीएमएल हा वरवर सलग मजकूर दिसला, तरी त्याची रचना झाडासारखी असते: एका ‘डिव्ह’च्या पोटात दुसरा ‘डिव्ह’, त्यात परिच्छेद. रेग्युलर एक्सप्रेशनने ‘डिव्ह’ उघडल्यापासून मिटेपर्यंतचा भाग मागितला, तर शोध बहुधा आतल्या ‘डिव्ह’च्या मिटत्या खुणेशीच थांबतो आणि उरलेला मजकूर मागे राहतो. म्हणून आधी पार्सरकडून झाड उभे करून घ्यावे, मग हवी ती फांदी मागावी. पीएचपी या भाषेत हे काम ‘डॉमडॉक्युमेंट’ आणि ‘डॉमएक्सपाथ’ करतात. २००४ साली आलेल्या पाचव्या आवृत्तीपासून ते सोबतच मिळतात.

मराठी वाचकाने एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. पानात कॅरॅक्टर सेट सांगितलेला नसेल, तर ‘डॉमडॉक्युमेंट’ची ‘लोडएचटीएमएल’ ही मेथड तो मजकूर आयएसओ-८८५९-१ समजून वाचते. यूटीएफ-८ मध्ये ‘म’ला तीन बाइट लागतात, प्रत्येक बाइट वेगळे अक्षर ठरतो आणि ‘मराठी’ या शब्दाची पंधरा निरर्थक चिन्हे होतात. माझ्या हातून एकदा कवितांचे अख्खे संकलन असे विस्कटले होते, आणि दोष फॉन्टचा समजून मी दोन दिवस घालवले. मजकुराच्या अगदी आरंभी यूटीएफ-८ सांगणारा मेटा टॅग जोडला की अक्षरे शाबूत राहतात. २०२४ मध्ये आलेल्या पीएचपीच्या ८.४ आवृत्तीत एचटीएमएल ५ जाणणारा नवा पार्सर आहे. त्यात सीएसएसच्या सिलेक्टरनेही घटक मागता येतो. — संपादक