होळकरांची ड्यूसेनबर्ग

संस्थानिकांच्या मोटारींच्या कथांत बहुधा उधळपट्टीपलीकडे फारसे काही हाती लागत नाही. इंदूरच्या दुसऱ्या यशवंतराव होळकरांची ड्यूसेनबर्ग मात्र थोडा विचार करावयास लावते.

ड्यूसेनबर्ग हे अमेरिकेत जाऊन स्थायिक झालेल्या दोघा जर्मन बंधूंचे आडनाव. 1928 च्या अखेरीस त्यांची आठ सिलिंडरांची ‘जे’ गाडी न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात आली. तिची शक्ती 265 अश्वशक्ती सांगत. 1932 साली सुपरचार्जर बसवून निघालेल्या ‘एसजे’ची 320. अशा ‘एसजे’ गाड्या जेमतेम 36 च्या आसपास निघाल्या. शिवाय कारखाना बहुधा यंत्र आणि सांगाडाच विकी. वरचा साज गिऱ्हाइकाने मनाजोगत्या कारागिराकडून चढवून घ्यावयाचा. यशवंतरावांनी तो 1935-36 च्या सुमारास लंडनच्या गर्नी नटिंग यांजकडून चढवून घेतला. सांगाडा लांब जातीचा, आसापासून आसापर्यंत पावणेतेरा फुटांहून किंचित अधिक, आणि बसावयास जागा मात्र दोघांचीच! रंग नारिंगी व काळा. (आमच्या विठ्ठलवाडी स्थानकाबाहेर रिक्षा वळविताना रोज जी तारांबळ उडते, ती पाहून मला या गाडीची हटकून आठवण होते.)

मोटारीचे आणि या घराण्याचे नाते आधीच अशुभ ठरले होते. जानेवारी 1925 मध्ये मुंबईच्या मलबार हिलवर अब्दुल कादर बावला यांची मोटार अडवून त्यांचा खून झाला. त्याचे धागे इंदूरपर्यंत पोहोचले, आणि चौकशीस सामोरे जाण्याऐवजी तुकोजीरावांनी 1926 साली गादी सोडली. ऑक्सफर्डला शिकलेला मुलगा गादीवर आला. त्याची दृष्टी निराळी होती. त्याने एकार्ट म्युथेसियस या जर्मन वास्तुकाराकडून माणिकबाग राजवाडा बांधविला, ब्रांकुशीची शिल्पे घेतली. त्या मालिकेत ही मोटार शोभते. ती केवळ श्रीमंतीची नव्हे, जाणत्या नजरेची निवड आहे. पण ती नजर पोसली रयतेच्या सारामहसुलाने, आणि त्या हिशेबात सौंदर्याची सूट मला देववत नाही.

ड्यूसेनबर्गचा कारखाना 1937 साली बंद पडला. 1948 मध्ये इंदूर मध्यभारतात विलीन झाले, 1961 मध्ये यशवंतराव निवर्तले. माणिकबागेत पुढे अबकारी खात्याची कचेरी थाटली गेली, आणि गाडी तिचे यंत्र जेथे घडले त्या अमेरिकेतच परत गेली.