प्रायश्चित्त, पश्चात्ताप आणि पंडिता रमाबाई

औरंगाबाद, म्हणजे आजचें छत्रपति संभाजीनगर, याच्या दक्षिणेस गोदातीरीं वसलेलें पैठण एके काळीं धर्मनिर्णयाचें पीठ म्हणून गाजलेलें होतें. कोणत्या पापाला कोणतें प्रायश्चित्त, हें तेथील शास्त्रीमंडळींनीं सांगावयाचें. ज्ञानदेवादि भावंडें शुद्धिपत्रासाठीं याच नगरीं आलीं आणि त्यांच्या मातापित्यांनीं देहान्त प्रायश्चित्त घेतलें, असें परंपरा सांगते. पाप हें ऋण आणि प्रायश्चित्त ही त्याची फेड, असा हा हिशेब.

ख्रिस्ती धर्मांतील ‘पश्चात्ताप’ हा शब्द मराठी माणसाच्या कानीं पडतो तो या संस्कारावर, आणि म्हणून त्याचा अर्थ पुष्कळदां चुकतो. मूळ ग्रीक शब्द ‘मेटानोइया’. त्याचा अर्थ मन पालटणें. ती पापाची फेड नव्हे. तारण हें देवाचें दान, तें विश्वासानें घ्यावयाचें. पश्चात्ताप म्हणजे स्वतःच्या पुण्याईवरची भिस्त सोडून त्या दानाकडे वळणें. हा भेद पंडिता रमाबाईंसारख्या विदुषीलाही बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षें उमगला नव्हता.

त्याचें कारण त्यांच्या बालपणांत आहे. वडील अनंतशास्त्री डोंगरे कुटुंबासह तीर्थोतीर्थीं हिंडत, पुराणें सांगत आणि मिळालेलें द्रव्य पुण्यसंचयासाठीं दानधर्मांत वेंचीत. पुढें दुष्काळ आला. तिरुपतीच्या अरण्यांत झाडपाला खाऊन दिवस काढण्याची पाळी आली, आणि १८७४ सालीं आईवडील दोघेही गेले. पुण्य जोडण्यांत या कुटुंबानें कसूर केली, असें कोण म्हणेल?

२९ सप्टेंबर १८८३ रोजीं इंग्लंडांत वाँटेज येथें रमाबाईंनीं बाप्तिस्मा घेतला. फुलहॅम येथें पतित मानलेल्या स्त्रियांना ममतेनें सांभाळणाऱ्या भगिनी त्यांनीं पाहिल्या होत्या. ख्रिस्त आणि शोमरोनी स्त्री यांची कथा त्यांच्या मनांत रुजली होती. तरी त्रैक्याच्या सिद्धान्तावर त्यांचा आपल्या गुरुभगिनींशीं वाद चालूच राहिला. धर्म बुद्धीला पटला, पण ख्रिस्त भेटला नाहीं, असें त्यांनीं पुढें आपल्या साक्षींत लिहिलें.

१८९१ च्या सुमारास हॅस्लम या इंग्रज पाद्र्याचें आत्मवृत्त त्यांच्या वाचनांत आलें. हा गृहस्थ व्यासपीठावर उभा राहून प्रवचन करीत असतां आपल्यालाच विश्वास नाहीं हें त्याला कळलें, आणि त्याच प्रवचनांत त्याचें मन पालटलें! रमाबाईंना आपली स्थिति त्यांत दिसली. आधीं योग्य व्हावें आणि मग देवाकडे जावें, ही जुनी सवय त्यांनीं नव्या धर्मांतही तशीच आणली होती. पापी म्हणून, रिकाम्या हातीं जातां येतें, ही गोष्ट त्यांना तेव्हां कळली.

याची किंमत त्यांना लगेच द्यावी लागली. शारदा सदनांत धर्मशिक्षण द्यावयाचें नाहीं, असें त्यांचें वचन होतें. परंतु त्या स्वतः दार उघडें ठेवून प्रार्थना करीत आणि मुली येऊन बसत. १८९३ सालीं पुण्यांत गदारोळ उडाला. रानडे, भांडारकर यांच्यासारख्या हितचिंतकांनीं सल्लागार मंडळ सोडलें, आणि अनेक पालकांनीं मुली काढून नेल्या. पालकांचा रोष समजण्यासारखा होता. रमाबाईंनीं मात्र दार लावून घेतलें नाहीं.