एकोणीस फुटांची ओळ

तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराचे एक छायाचित्र सुमारे 19 फूट लांब आहे. 21 निगेटिव्हांचे ठसे एकापुढे एक जोडून ते तयार केले. काढणारा कॅप्टन लिनियस ट्राइप, मद्रास सरकारचा छायाचित्रकार, साल 1858. त्यात नंदी नाही, गोपूर नाही. विमानाच्या, म्हणजे गाभाऱ्यावरच्या मनोऱ्याच्या, जोत्यावर कोरलेला तमिळ मजकूर तेवढा आहे.

आता तारखा पाहू. तंजावरचे भोसले राजे दुसरे शिवाजी ऑक्टोबर 1855 मध्ये निवर्तले. मुलगा नव्हता, ईस्ट इंडिया कंपनीने राज्य खालसा केले. तीन वर्षांच्या आत सरकारी कॅमेरा देवळात आला. दोन्हींचा संबंध जोडण्याचा मोह होतो. पण ट्राइपने त्याच दौऱ्यात मदुरा आणि श्रीरंगमही टिपले. म्हणून तो संबंध मी जोडत नाही.

ठशांची ही लांब पट्टी स्वतःच अधिक सांगते. कॅमेऱ्याचे अंतर जरा बदलले, तर अक्षरे लहानमोठी होतात आणि शेजारचा ठसा जुळत नाही. म्हणजे तिपाई जोत्याला समांतर, मोजूनमापून सरकवली असली पाहिजे. हा तर्कच, पण आधार समोर आहे. मजकूरही पडताळता येतो: मंदिर बांधणाऱ्या राजराजा चोळाचे हे लेख शिलालेखतज्ज्ञ हुल्ट्श यांनी 1891 पासून छापले.

ट्राइपच्या इतर दृश्यांशी मात्र जपून वागावे लागते. मेणकागदाच्या निगेटिव्हवर निळे आकाश जळून जाई, ठशात कोरे पांढरे उमटे. मग तो निगेटिव्हवर रंग लावून ढग घाली. त्या दिवशी तंजावरला आभाळ कसे होते, याचा पुरावा म्हणून ते ढग चालणार नाहीत.

छायाचित्र कला केव्हा झाले, असे विचारले की लोक पॅरिसकडे बोट दाखवतात. तिथे फॅशनची छायाचित्रे काढणाऱ्या मॅन रेने छायाचित्रकार आत्जेची चित्रे 1926 मध्ये अतिवास्तववाद्यांच्या मासिकात आणली. आत्जे स्वतः त्यांना केवळ दस्तऐवज म्हणे. ट्राइपची पट्टीही तशीच, नोंद म्हणून काढलेली. तरी मला त्याची कला रंगवलेल्या ढगांत दिसत नाही. ती त्या अंतर राखून केलेल्या 21 थांब्यांत दिसते.

बृहदीश्वराच्या त्याच आवारात, नैऋत्येकडच्या भिंतींवर, तंजावरच्या सरफोजीराजांनी 1803 मध्ये कोरवलेले भोसले वंशचरित्र आहे, मराठीत. ट्राइपची पट्टी विमानाच्या जोत्यापुरतीच आहे. ते मराठी वाचायला भिंतीपाशीच जावे लागते.