सरळ रेषेचा रूळ

यंत्राला गोल फिरवणं सोपं, सरळ चालवणं फार अवघड. गोल वस्तू लेथवर स्वतःच्या केंद्राभोवती फिरत घडते. सरळपणाला असं केंद्र नसतं. तो आधीच सरळ असलेल्या दुसऱ्या कशावरून तरी उचलावा लागतो. मग पहिली सरळ वस्तू आली कुठून? लंडनमध्ये हेन्री मॉडस्लेच्या कारखान्यात तयार झालेल्या जोसेफ व्हिटवर्थने 1840 मध्ये ग्लासगोच्या एका सभेत याची रीत मांडली. तीन लोखंडी प्लेटा घ्यायच्या, एकीला रंग लावून दुसरीवर ठेवायची, जिथे डाग उमटतो तिथला उंचवटा खरवडायचा. दोनच प्लेटा असतील तर एक फुगीर आणि दुसरी खोलगट होऊनही त्या एकमेकींत चपखल बसतात. तीन प्लेटा आलटून पालटून जुळवल्या की ही फसवणूक टिकत नाही आणि तिघी सपाट व्हाव्याच लागतात.

पुढची शंभरेक वर्षं मशीन टूलचा कणा म्हणजे हेच काम. ब्लू म्हणजे निळा रंग लावायचा, घासायचं, डाग बघायचा, स्क्रेपरने मायक्रॉन-दोन मायक्रॉन धातू उचलायचा, पुन्हा ब्लू. मशीनच्या बेडवर सॅडल, सॅडलवर टेबल, आणि प्रत्येक जोडीला कारागिराचे कित्येक दिवस. मशीनचा अचूकपणा खरेदी करणारा माणूस खरं तर या हातांची किंमत मोजत असे.

पण धातूवर धातू सरकताना एक खोड राहतेच. टेबल थांबलेलं असताना घर्षण जास्त असतं, हललं की कमी होतं. त्यामुळे अगदी थोडं सरकवायला गेलं की ते आधी अडतं आणि मग टुणकन उडी मारतं. चाक फिरवणारा अनुभवी ऑपरेटर हे ओळखून हात राखत असे. 1952 मध्ये अमेरिकेत एमआयटीने टेपवरच्या आकड्यांच्या आज्ञेवर चालणारी मिलिंग मशीन दाखवली आणि ही खोड मोठी अडचण होऊन बसली. टेपवरच्या आकड्याला हात राखता येत नाही.

फिरणाऱ्या शाफ्टखालच्या घर्षणाचा प्रश्न बेअरिंगच्या छर्ऱ्यांनी केव्हाच सोडवला होता. सरळ चालीत मात्र छर्रे रस्ता संपला की संपतात. स्वित्झर्लंडमध्ये 1923 पासून काम करणाऱ्या श्नीबर्गर कंपनीचं नाव झालं ते आडव्या-उभ्या रोलरांच्या मार्गदर्शकांमुळे. त्यांची चाल सुरेख, पण मर्यादित लांबीची. अमेरिकेत जॉन थॉमसन यांनी 1940 च्या दशकात छर्ऱ्यांना परतीची वाट दिली. गोल शाफ्टवर बुश चालतं, छर्रे पुढून बाहेर पडतात आणि आतल्या वाटेने मागे येतात. लांबीचा प्रश्न मिटला. भाराचा राहिला, कारण गुळगुळीत गोल शाफ्टला छर्रा जेमतेम एका बिंदूत टेकतो. त्यात शाफ्ट दोन टोकांवरच धरलेला असला की मधोमध वाकतो.

इथे जपानचे हिरोशी तेरामाची येतात. सुई-रोलर बेअरिंगच्या धंद्यात त्यांनी आधीच एक कंपनी उभी केली होती. एप्रिल 1971 मध्ये त्यांनी टोकियोच्या मेगुरो भागात तोहो सेइको ही नवी कंपनी काढली. तीच आजची टीएचके. शाफ्टमध्येच छर्ऱ्याच्या गोलाईच्या खोबण्या काढणं हे त्यांचं पहिलं पाऊल, म्हणजे बॉल स्प्लाइन. सपाट ताटातली गोटी आणि तिच्याच मापाच्या वाटीतली गोटी यांत जो फरक, तोच इथे. कंपनीच्या गणितानुसार खोबणीमुळे छर्ऱ्याची भार पेलण्याची ताकद 13 पट होते. आयुष्य या ताकदीच्या घनाच्या प्रमाणात वाढत असल्याने ते सुमारे 2200 पट होतं. खोबणीला लागणारं ग्राइंडिंग महाग होतं, पण या आकड्यापुढे ते परवडतं.

दुसरं पाऊल मला अधिक मोठं वाटतं. 1972 मध्ये त्यांनी शाफ्ट हवेत न ठेवता बेडवर बोल्टांनी बसवला. म्हणजे तो शाफ्ट राहिलाच नाही, रूळ झाला. त्यावर खोगिरासारखा बसणारा ब्लॉक, ब्लॉकच्या पोटातून छर्ऱ्यांची परतीची वाट. हाच एलएम गाईड. सरळपणा आता बेडवर घडवायचा नव्हता, कारखान्यातून तयार मागवायचा होता.

मशीन टूलवाल्यांनी लगेच विश्वास ठेवला नाही, आणि त्यांची शंका रास्त होती. इवल्या छर्ऱ्यांवर कापणीचा दणका कोण सोपवेल? 1970 च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतल्या एका बड्या उत्पादकाने मशीनिंग सेंटरमध्ये हे रूळ वापरले, तेव्हा कुठे दार उघडलं. नंतर स्पर्धकही आले. तैवानची हायविन 1989 ची. रूळ स्वस्त झाला आणि भोसरी, सातपूर, शिरोलीतल्या लहान शेडमध्येही आकड्यांवर चालणारी सीएनसी मशीन उभी राहू शकली. आज टीएचकेचा कारखाना आंध्रातल्या श्री सिटीतही आहे.

एक दोष मात्र बरीच वर्षं तसाच राहिला होता. रांगेतले शेजारी छर्रे एकमेकांना जिथे टेकतात तिथे दोघांचे पृष्ठभाग उलट दिशांनी धावतात. त्यामुळे तिथे घासणी दुप्पट वेगाने होते, आवाज होतो आणि ग्रीस लवकर संपतं. 1990 च्या दशकात टीएचकेने छर्ऱ्यांमध्ये प्लास्टिकची साखळी घालून त्यांना वेगळं केलं.

स्क्रेपरवाल्याचं काम संपलं, असं मात्र म्हणता येत नाही. रूळ कितीही सरळ असला तरी तो ज्या पृष्ठभागावर बोल्टने आवळला जातो त्याचाच आकार घेतो. बेड वाकडा असेल तर रूळही वाकडा बसतो. शिवाय जड कापणीत छर्ऱ्यांपेक्षा धातूवर धातूची रुंद बैठक, म्हणजे बॉक्स वे, कंपनं जास्त चांगली शोषते. त्यामुळे मशीन घेताना ‘बॉक्स वे की एलएम’ हा प्रश्न आजही विचारला जातो, आणि कठीण पोलादाचे मोठे जॉब काढणारा कारखानदार अजूनही बॉक्स वे मागतो, ज्याच्या बैठकीवर ब्लू लावून हाताने डाग काढलेले असतात.